जिप्सीला मोठे टायर: स्प्रिंग किती उचलावी?

प्रश्न: माझ्या मारुती जिप्सीचे टायर २०५/७० आर १५ (रुंदी २०५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १५ इंच) आहेत. २३५/७५ आर १५ बसवायचे असल्यास सस्पेन्शन दोन इंच उचलणे पुरेल का?

उत्तर १: चाकाचा व्यास सुमारे ६५ मिलिमीटरने वाढत असल्याने अ‍ॅक्सल (चाके जोडणारा दांडा) त्याच्या निम्मा, म्हणजे जेमतेम ३३ मिलिमीटर वर येईल, पाट्यांनी (लीफ स्प्रिंगने) उचलली जाते ती केवळ बॉडी. दोन इंच पुरतील, मात्र स्टेअरिंग पूर्ण वळवून टायर कुठे घासतो ते पाहावे.

उत्तर २: सस्पेन्शन उचलल्यावर ब्रेकचे होज (ब्रेक ऑइलच्या लवचीक नळ्या) ताणले जात नाहीत ना, हे आधी तपासा, माझ्या गाडीत तेच राहून गेले होते.

उत्तर ३: टायर मोठे झाल्याने स्पीडोमीटरचा काटा ६० दाखवील तेव्हा गाडी ६६च्या आसपास धावत असेल. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ (वाहनातील बदलांविषयीचे कलम) नुसार आरटीओकडे आधी विचारणा करावी.