मदत हवी आहे: पिकनिकला बार्बेक्यूचं चिकन आणि पोर्क तीन तास गरम कसं ठेवायचं?

डॅलसकर_आबा:

नमस्कार मंडळी,

डॅलसच्या उत्तरेला राहतो. जूनमध्ये आमच्या मंडळाची पिकनिक आहे आणि गेल्या वर्षी जे झालं त्यानंतरसुद्धा बार्बेक्यूचं काम पुन्हा माझ्याच गळ्यात पडलंय. घरी स्मोकर (धुरावर सावकाश मांस शिजवायची भट्टी) आहे हे एकदा लोकांना कळलं की सुटका नाही.

माणसं साधारण १७०, त्यातली पन्नासेक शाकाहारी. बीफ अर्थातच नाही. हाडासकट चिकन थाय ८० पाउंड, पोर्क शोल्डरचे आठ-आठ पाउंडांचे चार गड्डे (पुल्ड पोर्क, म्हणजे शिजल्यावर रेशे सुटे करून पावात भरून द्यायचं), आणि कोणाच्या तरी आग्रहाखातर चिकन खिम्याचे सीख कबाब. पनीर, मका वगैरे वेगळी टीम बघतेय. जागा म्हणजे पार्कातलं पॅव्हेलियन: वर छप्पर, चारी बाजू उघड्या, वारा भणाणता. प्लग दोन, तेही बहुधा एकाच सर्किटवर. दुपारी ९५ डिग्री सहज. (आकडे सगळे फॅरनहाइट धरा, इथे राहून तीच सवय झालीय.)

कार्यक्रमपत्रिकेत जेवण १ वाजता. प्रत्यक्षात कधी, ते मंडळाच्या कुठल्याही माणसाला विचारा. गेल्या वर्षी रस्सीखेच लांबली, मग देणगीदारांचा सत्कार, मग अध्यक्षांचं मनोगत, आणि पहिली प्लेट हलली ३ वाजता. तोवर ट्रेमधलं मांस कोमट झालं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे व्हॉट्सअ‍ॅपवर एकेकाचे मेसेज सुरू झाले. अकरा जण. पोटात मुरडा आणि जुलाब. उलट्या कोणालाच नाहीत. संध्याकाळपर्यंत सगळे बरे झाले, पण त्यात भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले एक आजोबा होते आणि त्यांना सलाइन लावावं लागलं. मला कोणी एक शब्द बोललं नाही. तेच जास्त लागलं.

तर प्रश्न असा की १२ ते ३ मांस गरम, सुरक्षित आणि खाण्याजोगं कसं ठेवायचं? बजेट बेताचं आहे, केटरर लावणार नाही.

निखारा:

आबा, ह्यूस्टनला सात-आठ वर्षं लोकांच्या लग्नांत हाच धंदा करतोय, हौशी पातळीवर. उत्तर तुमच्या गराजमध्येच आहे: बर्फाचा कूलर. थंड ठेवतो तसा तो गरमही ठेवतो, त्याला फरक कळत नाही. केटरर लोक जे महागडे गरम डबे वापरतात त्यांचंही तत्त्व तेच.

निघायच्या अर्धा तास आधी कूलरमध्ये नळाचं कडकडीत गरम पाणी भरून झाकण लावा. उकळतं नको, स्वस्तातल्या कूलरचं आतलं प्लास्टिक वाकतं. पाणी ओतून टाका, पुसा, तळाला जुना टॉवेल. चिकन खोल ट्रेमध्ये दाटीवाटीने, वर फॉइल दोनदा, कडा घट्ट दाबून. ट्रे एकावर एक, आणि उरलेल्या पोकळीत टॉवेल कोंबा. रिकामी जागा म्हणजे गार हवा. अर्धा भरलेला कूलर तासाभरात दगा देतो, गच्च भरलेला चार तास काढतो.

पण कूलर उष्णता राखतो, निर्माण करत नाही. आत जाताना चिकन १७५ च्या वर हवं. थाय आहे हे बरं केलंत. ब्रेस्ट १६५ च्या पुढे गेलं की लाकूड, थाय उलट १८० ला जास्त मऊ लागतं. फॉइलमध्ये कातडी मऊ पडणार, त्याला इलाज नाही. वाढायच्या आधी दोन मिनिटं तिथल्या ग्रिलवर उलटापालटा.

पोर्क घरून सुटं करून नेऊ नका. अख्खा गड्डा कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळलेलाच कूलरमध्ये ठेवा, तो पाच-सहा तास आरामात गरम राहतो. सुटं केलं की वाफ गेली, रस गेला, उष्णताही गेली. तिथे एकेक गड्डा काढा, सुटा करा, संपला की पुढचा.

कबाब रद्द करा. कबाब थांबत नाही. तिथे समोर भाजणार असाल तरच.

रंकाळा_किनारी:

एवढं काय थर्मामीटर घेऊन बसायचं? आमच्याकडं जत्रेला सकाळी दहाला मटण शिजतंय, चारपर्यंत पंगती उठतात. शे-दोनशे माणूस जेवतंय. कोणाला काय झाल्याचं ऐकलं नाही. अमेरिकेत जाऊन पोटं नाजूक झाली तुमची.

मायक्रो_मावशी:

रंकाळादादा, जत्रेतलं मटण चुलीवरून खाली उतरवतात का? नाही ना? हंड्याखाली निखारे असतात, रस्सा वर रटरटत असतो आणि वाढपी त्यातूनच बादली भरून नेतो. म्हणजे ते १४० च्या कितीतरी वर असतं. तुमचा आचारी थर्मामीटर न लावता नियम तंतोतंत पाळतोय. आबांचं मांस सुकं आहे, खाली जाळ नाही, वर वारा आहे. गत वेगळी.

आता आबा, मी फूड मायक्रोबायोलॉजीत काम करते म्हणून जरा खोदून विचारते. मांस ४० ते १४० च्या मध्ये असेल तो काळ धोक्याचा. इथल्या कृषी खात्याचा नियम सरळ आहे: त्या पट्ट्यात जास्तीत जास्त दोन तास, आणि बाहेर ९० च्या वर असेल तर एकच तास. तुमच्याकडे ९५ म्हणजे एकच. रेस्टॉरंटांच्या फूड कोडमध्ये गरम ठेवायची पातळी १३५ आहे. तुम्ही १४० धरा, पाच डिग्री पदरात असू द्या.

पण मला वेगळंच खटकतंय. जेवण दुपारी ३ ला, त्रास पहाटे, म्हणजे बारा-तेरा तासांनी. मुरडा, जुलाब, उलटी नाही, दिवसभरात बरं. अकरा जणांना एकदम. चाचणीशिवाय मी छातीठोक सांगणार नाही, पण क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जंतूचं वर्णन करायला सांगितलं तर मी हेच करेन. खाल्ल्यावर ६ ते २४ तासांत गाठतो. शिजवण्याने त्याचे बीजाणू मरत नाहीत, आणि मोठ्या ढिगातलं मांस सावकाश गार होताना ते जागे होतात. ११० ते ११५ च्या आसपास याची वाढ सगळ्यात जोरात.

म्हणून प्रश्न: गेल्या वर्षी मांस शिजवलं कधी? आणि रात्री ते ट्रे कुठे होते?

डॅलसकर_आबा:

मावशी, घाम फुटला वाचून.

पोर्क आदल्या दिवशी केलं होतं. रात्री ९ ला सुटं करून दोन मोठ्या खोल ट्रेमध्ये भरलं. गरम गरम फ्रिजमध्ये ठेवू नये असं आईने लहानपणापासून सांगितलेलं, म्हणून ओट्यावरच झाकून ठेवलं. साडेबाराला झोपायच्या आधी फ्रिजमध्ये सारलं. सकाळी ओव्हनमध्ये २०० वर तासभर. वरून वाफ येत होती, मध्ये बघितलं नाही.

आणि आता आठवतंय, अकरापैकी निदान आठ-नऊ जण पोर्क खाणारेच होते. मी वर्षभर चिकनला आणि अध्यक्षांच्या मनोगताला शिव्या देत होतो.

मायक्रो_मावशी:

झालं तर. पार्कातले ते तीन तास वाईट होतेच, पण बीज बहुतेक ओट्यावर पडलं. चार इंच खोल ट्रेच्या मधलं मांस ओट्यावर साडेतीन तासांनीही कोमटच राहतं. फ्रिजमध्ये गेल्यावरही मध्यभाग गार व्हायला पहाट होते.

आईचा सल्ला तेव्हाच्या छोट्या फ्रिजसाठी आणि पातेलंभर आमटीसाठी ठीक होता. आजचा फ्रिज वाफ येणाऱ्या उथळ ट्रेने बिघडत नाही. मांस दोन इंचांपेक्षा जाड थरात नको, सुरुवातीला झाकण सैल. फूड कोडचं गणित: १३५ वरून ७० वर दोन तासांत, आणि तिथून ४१ वर पुढच्या चार तासांत. पुन्हा गरम करताना मधोमध १६५, तेही दोन तासांच्या आत. ओव्हन ३२५ ला ठेवा, वर फॉइल, आत थोडा राखून ठेवलेला रस. स्लो कुकरमध्ये किंवा मेणबत्तीवाल्या ट्रेमध्ये (चेफिंग डिश: खाली ज्योत, मध्ये पाण्याचा ट्रे, वर अन्न) गार मांस गरम करायला कधीही घालू नका. ती साधनं गरम ठेवण्यासाठी आहेत, गरम करण्यासाठी नाहीत.

आणि "सगळं पुन्हा उकळलं की झालं" असं कोणी म्हणेल तर: स्टॅफिलोकोकस या जंतूने एकदा विष तयार केलं की ते उकळूनही जात नाही.

निखारा:

मावशींनी माझी पोस्ट खाल्ली 🙂 मी तर म्हणेन आदल्या दिवशी शिजवूच नका. शोल्डर रात्री ११ ला स्मोकरवर चढवा, २५० ला. सकाळी ९-१० पर्यंत २०० च्या आसपास पोचतात. थेट कूलर. गार करणं नाही, पुन्हा गरम करणं नाही, अर्धी कटकट संपली. अध्येमध्ये १६० ला थर्मामीटरचा काटा दोन-तीन तास हलत नाही, तेव्हा घाबरून आच वाढवू नका. मांसातलं पाणी उडत असतं, घाम येतो तसं. तेव्हा गुंडाळा, पुढे सरकतं.

चिकनही एका दमात नको. निम्मं घरून, निम्मं पार्कात. सत्कार सुरू झाला की दुसरी खेप ग्रिलवर टाका.

पन्हं_घ्या:

मेणबत्तीवाल्या ट्रेवरून सांगते, कारण आमच्याकडे त्यात एकदा अपघात होता होता वाचला. ते जेलचे डबे पेटवले की उन्हात ज्योत दिसतच नाही. आमच्या स्वयंसेवकाला वाटलं विझलं, त्याने हात घातला. लहान मुलं टेबलापाशी येतात, म्हणून एक माणूस फक्त तिथे उभा करा. जेलचा डबा साधारण दोन तास चालतो, वातीचा सहापर्यंत. उघड्यावर वातीचेच घ्या. वाऱ्याच्या बाजूने फॉइलचा आडोसा करा, पण चारी बाजूंनी बंद नको. आणि खालच्या ट्रेमध्ये घरून थर्मासमध्ये आणलेलं उकळतं पाणी ओता. गार पाणी ओतून ज्योतीवर तापायची वाट बघाल तर मांस आधी गार होईल.

दोन प्लगांचं म्हणाल तर साध्या सर्किटवर १४०० वॉटच्या पुढे जाऊ नका. स्लो कुकर २५०-३०० वॉट खातो, म्हणजे चार चालतील. मोठा विजेचा रोस्टर एकटाच सगळं घेतो. कोणी कॉफीचं मशिन लावलं की संपलं, आणि पिकनिकला कोणीतरी कॉफीचं मशिन लावतंच.

शाकाहाऱ्यांचे चिमटे वेगळे, रंगीत टेप लावून. आमच्याकडे यावरून जे झालं ते मांस बिघडण्यापेक्षा जास्त दिवस चाललं.

मायक्रो_मावशी:

एक राहिलं. शेवटी "उरलंय, डबे भरून न्या" हे होऊ देऊ नका. ४ वाजता ट्रेमध्ये उरलेलं मांस उन्हात दीड तास पडलेलं असतं, त्यात गाडीत अजून तास. जे कूलरमधून बाहेर निघालंच नाही आणि १४० च्या वर आहे ते द्या, बाकी कचऱ्यात. जीव तुटतो, मान्य.

डॅलसकर_आबा:

अपडेट. मागच्या शनिवारी रंगीत तालीम केली, बायकोने कपाळावर हात मारला तरी. वीस पाउंड थाय, घरचा साधाच ४८ क्वार्टचा कूलर, गरम पाणी, टॉवेल, सगळं निखाऱ्यांनी सांगितलं तसं. थर्मामीटर आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून बघितला तर ३२ ऐवजी ३६ दाखवत होता! म्हणजे वर्षानुवर्षं मी चार डिग्री कच्चं खात होतो. नवा आणला.

पाऊण वाजता आत ठेवलं तेव्हा १७८. सव्वादोनला १६४. पावणेचारला १५१. मध्ये मुलाने दोनदा झाकण उघडून तुकडा लंपास केला, तरी ५ ला १४३. चव उत्तम, कातडी लेचीपेची, ग्रिलवर ठीक झाली. पिकनिकला चार कूलर जमवलेत; प्रत्येकावर चिकटपट्टीने वेळ लिहिणार आणि एका वेळी एकच उघडणार. कबाब रद्द केले. ज्यांचा आग्रह होता त्यांना सांगितलं की ग्रिलपाशी तुम्ही उभे राहणार असाल तर ठेवतो, मग आग्रह मावळला.

शिवाय अध्यक्षांना भेटलो. सत्कार आणि मनोगत जेवणानंतर घ्यायला ते तयार आहेत, पण जेवण झालं की ऐकायला कोणी थांबणार नाही ही त्यांची शंका आहे. यावर काही उपाय?

पन्हं_घ्या:

आइस्क्रीम मनोगतानंतर ठेवा.

रंकाळा_किनारी:

आणि मनोगत संपायच्या आत ते वितळणार नाही याची सोय बघा. कूलर चारच आहेत म्हणालात.