न्यू डील: मदत कुठली, सुधारणा कुठली?

प्रश्न: महामंदीतून सावरायला अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्टने १९३३ पासून काढलेल्या योजनांपैकी (यांनाच न्यू डील म्हणतात) तात्पुरती मदत कोणती आणि कायमची सुधारणा कोणती? योजनांच्या आद्याक्षरांची नुसती खिचडी झालीय.

उत्तर १: पैसा कुठे जातो ते बघा. सीसीसीत (बेकार तरुणांना जंगल-जमिनीची कामं देणारी योजना) तरुणांना महिना ३० डॉलर, त्यातले साधारण २५ थेट घरी. झाडं लावणं हे काम खरं, पण चूल पेटवणं हा मुख्य हेतू. ही मदत. बँक ठेवींचा विमा ही सुधारणा: १ जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंत हमी, त्याच वर्षी जुलैत ५,०००. ठेव बुडणार नसेल तर बँकेसमोर रांग कोण लावणार?

उत्तर २: शेतीच्या कायद्यात (एएए) मात्र घोळ झाला. कापसाचं क्षेत्र घटवा, भरपाई घ्या. पण करार जमीनमालकाशी! वाटेकऱ्याचा हिस्सा अनेकदा मालकानेच ठेवला, वर जमीन पडीक म्हणून त्यालाच हुसकावलं. १९३६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा रद्द केला, तोही वेगळ्याच मुद्द्यावर.

उत्तर ३: १९३७ विसरू नका. सरकारी खर्चाला कात्री, बँकांनी राखून ठेवायच्या रकमेचं प्रमाण दुप्पट, आणि सोशल सिक्युरिटीचा (म्हातारपणीच्या पेन्शन योजनेचा) कर जानेवारीपासून सुरू. मासिक पेन्शन मात्र १९४० पासून. तिन्ही एकदम आल्यावर बेकारी पुन्हा चढली.