बर्फासाठी गाडी घेताय? आधी टायर बघा

दर हिवाळ्यात मुलांना स्कीइंगला सोलंग-गुलमर्गला न्यायचं, म्हणून सगळे जण फोर बाय फोर घ्या म्हणताहेत. चढावर तिचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण निसरड्या उतारावर ब्रेक दाबल्यावर चारही चाकांना मिळणारी ताकद काही कामाची नसते, तिथे फक्त टायरची पकड. आपल्याकडे मिळणाऱ्या नेहमीच्या टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक व्हायला लागतं. म्हणून चेन, म्हणजे बर्फात टायरवर चढवायची साखळी, हवीच. टायरच्या मापाचीच घ्या, आणि फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना) असेल तर ती पुढच्या चाकांना लागते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा चढवून-उतरवून बघाच. बर्फात बधिर बोटांनी पहिल्यांदा शिकायला जाऊ नका, मुलं गाडीत कुडकुडत बसतात.

मुंबईत रेडिएटरमध्ये नुसतं पाणी घातलं तरी खपून जातं, तिकडे ते गोठून इंजिनाचं नुकसान होऊ शकतं. न गोठणारं कूलंट योग्य प्रमाणात भरून घ्या. डिझेल गाडी असेल तर टाकी डोंगरात पोहोचल्यावर तिथल्या पंपावर थंडीसाठीचं डिझेल मिळत असेल तर त्याने भरा, कारण कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमधलं मेण घट्ट होऊन फिल्टर तुंबतो. रात्री हँडब्रेक न ओढता (तो गोठून अडकू शकतो) गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा.

स्कीज तिथे भाड्याने मिळतात, त्यामुळे रूफ रॅकसाठी मोठी गाडी नको. माझं विचाराल तर विमानाने श्रीनगर आणि पायथ्याच्या टंगमर्गहून वर गुलमर्गला चेन लावलेली स्थानिक गाडी. घरची गाडी मुंबईच्या ट्रॅफिकला सोयीची घ्या.