ईव्हीला मडफ्लॅप लावायचे आहेत, दुकानातलं पोरगं ड्रिल घेऊन बसलं होतं. काय करू?

बेसावाला

नमस्कार मंडळी. दिवाळीत गाडी घेतली. नेक्सॉन ईव्ही, पांढरी. (पांढरी नको असं बायको म्हणाली होती. असो.) तिचा हा पहिलाच पावसाळा. आमचं घर नागपुरात बेसा रोडवरून आत आहे, लेआउटचा रस्ता अजून कच्चाच. अंतर चारशे मीटर असेल, पण चारशेच्या चारशे मीटर निव्वळ काळी माती. पुढच्या चाकांनी उडालेला चिखल दारांच्या खालच्या भागावर आणि उंबरठ्यावर थापल्यासारखा बसतो. बाबा उतरले की पोटरीवर काळा पट्टा. ते निवृत्त शिक्षक, पांढऱ्या पॅंटशिवाय घराबाहेर पडत नाहीत. गेल्या आठवड्यापासून ते चौकापर्यंत चालत जाऊन ऑटो पकडून राहिले. बोलत काही नाहीत, पण छत्री जोरात उघडतात.

म्हणून रविवारी एका ॲक्सेसरीच्या दुकानात गेलो. चार फ्लॅपचा सेट, कडक प्लास्टिकचा. ‘सगळ्या गाड्यांना बसते’ म्हणाला. पैसे देऊन बाहेर येतो तर पोरगं ड्रिल घेऊन चाकापाशी बसलेलं. “दोन भोकं मारतो, स्क्रू टाकतो, पाच मिनिटं.” म्हटलं अरे थांब, खाली बॅटरी आहे. तर म्हणते, “काही होत नाही साहेब, बॅटरी मधात असते.” मधात असते हे खरं, पण किती मधात हे ना त्याला माहीत ना मला. गाडी घेऊन परत आलो. फ्लॅप डिक्कीत पडून आहेत.

ड्रिल न मारता बसतात का? आणि रेंज (एका चार्जिंगमध्ये गाडी जाते ते अंतर) कमी होते असं शेजारी सांगून राहिले, ते खरं का?

काटोल नाका

भाऊ, कायले लावता? पाऊस ऑक्टोबरात जाईल. रोज संध्याकाळी पाइप मारा. फ्लॅपमध्ये माती अडकते ते वेगळंच.

बेसावाला

पाइप मारतोच दादा. सकाळी गेटच्या बाहेर निघालो की परत तेच.

निवृत्त लाइनमन

बेसावाले, पोराचं ड्रिल थांबवलं हे एक नंबर काम केलं. मी ३४ वर्षं तारांवर काढली, म्हणून आधी विजेचं सांगतो. मोठ्या व्होल्टेजच्या केबलचं आवरण नारंगी असतं, आणि ती सहसा गाडीच्या पोटाखालून मधातून मोटरकडे जाते, चाकाच्या कमानीतून नाही. शिवाय या मोठ्या बॅटरीचा ना प्लस बॉडीला जोडलेला, ना मायनस. साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा मायनस तेवढा बॉडीवर असतो. म्हणजे फ्लॅपच्या स्क्रूला हात लागला आन् माणूस चिकटला, असं काही नाही. पण म्हणून भोकं मारू दे असं मी म्हणत नाही.

पुढच्या चाकामागे कमान संपते तिथूनच दाराखालचा उंबरठा सुरू होतो, आणि बॅटरीचा डबा त्या उंबरठ्याच्या आतल्या अंगालाच असतो. जाणता माणूस बिटला टेप गुंडाळून खोली ठरवतो. दुकानातलं पोरगं आवाज बदलला की थांबते. तोवर बिट कुठं गेली कोणाले ठाऊक. एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सरची बारीक वायरही त्याच कमानीतून चाकाकडे येते. ती सोलली तर डॅशबोर्डवर पिवळे दिवे आणि आठवडाभर हेलपाटे.

पण माझ्या मते खरा वैरी गंज. कारखान्यात अख्खी बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवून काढतात, म्हणून आतल्या कोपऱ्याकोपऱ्यात थर बसलेला असतो. तू भोक पाडलं की त्या कडेला पत्रा उघडा. वर काळी माती. ही माती पाणी धरून ठेवते म्हणून तिच्यात कपाशी होते, आणि म्हणूनच तिच्याखाली पत्रा सडतो. माझ्या जुन्या गाडीचा फेंडर मी असाच घालवला. ती पेट्रोलची होती, पण गंजाले काय त्याचं.

आता इलाज. कमानीत जो काळा प्लास्टिकचा लायनर असतो तो कारखान्यातूनच स्क्रूने आणि क्लिपने कसलेला असतो. तीच भोकं वापरायची. त्यासाठी फ्लॅप तुझ्याच मॉडेलचे आणि तुझ्याच सालचे पाहिजेत. ‘सगळ्या गाड्यांना बसते’ म्हणजे कोणत्याच गाडीले धड बसत नाही. डिक्कीतला सेट परत कर.

बसवायच्या आधी कमानी ब्रशने घासून धू आणि वाळू दे. पुढे काम करताना ज्या बाजूचं काम त्याच बाजूला स्टीअरिंग पूर्ण वळव, म्हणजे टायरची मागची कड आत जाते आणि हात घालायला जागा होते. मग गाडी बंद, हँडब्रेक, चार्जिंगची पिन काढलेली. स्क्रू बहुतेक चांदणीच्या तोंडाचे असतात, टी-२० किंवा टी-२५. साध्या स्क्रूड्रायव्हरने जबरदस्ती केली तर तोंड गोल होते. फ्लॅपच्या जाडीमुळे जुना स्क्रू आखूड पडतो, म्हणून दीड सूत लांब घे, स्टेनलेस स्टीलचा. फ्लॅप जिथे रंगाला टेकतो तिथे पारदर्शक फिल्मची पट्टी लाव. मधात माती शिरली की ती सँडपेपरचं काम करते, एका पावसाळ्यात रंग खरवडून निघतो.

मागे चाक वळत नाही, तिथे आखूड रॅचेट लागते. चाक काढायचंच झालं तर जॅक पुस्तकात दाखवलेल्या जागीच. दाराखाली कुठंही टेकवला तर बॅटरीच्या डब्याले पोचा. यात हयगय नको.

सगळं झालं की घरची चार माणसं बसव, स्टीअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरव, आणि एखाद्या उंच स्पीडब्रेकरवरून हळू ने. टायर आणि फ्लॅप यात दोन बोटं तरी फट राहिली पाहिजे.

हिंगणा टी-पॉइंट

काकांनी सगळं सांगितलं, मी फक्त रेंजचं सांगतो. शिवमडक्यावरून समृद्धीने शिर्डीला दोनदा गेलो, एकदा फ्लॅपच्या आधी, एकदा नंतर. मला तर मीटरवर फरक दिसला नाही. फ्लॅप टायरच्या रुंदीत झाकलेला असेल तर त्याला वारा लागतोच किती? बाहेर कानासारखा निघालेला असेल तर गोष्ट वेगळी. समृद्धीवर रेंज खातो तो वेग. १२० ची परवानगी आहे म्हणून लोक १२० ने जातात, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० चे १२० केले की तो जवळजवळ पावणेदोन पट होतो. आधी ते बघा, मग फ्लॅपला नावं ठेवा.

एक सावधगिरी मात्र घ्या. रिव्हर्स घेताना मागचा फ्लॅप सिमेंट रोडच्या कडेला अडकतो. आपल्याकडे रोड वर आणि बाजू खाली, हे काय नवीन सांगायचं. माझा उजवा फ्लॅप असाच गेला आणि जाताना लायनरचा कोपरा घेऊन गेला. तेव्हापासून कडेच्या हातभर आधीच थांबतो.

काटोल नाका

मंग मी म्हणत होतो ते चूक होतं का? माती अडकते का नाही?

निवृत्त लाइनमन

अडकते ना बाप्पा. म्हणून तर पंधरा दिवसांतून एकदा खालून पाणी मारायचं, ओली असतानाच. वाळली की ती माती नाही, वीट होते.

बेसावाला

मंडळी, काम झालं. दुकानदाराने पैसे परत द्यायला नाही म्हटलं. तासभर घासाघीस करून सेटच्या बदल्यात टायरमध्ये हवा भरायचा पंप घेऊन आलो, वर दोनशे रुपये द्यावे लागले. मॉडेलचे फ्लॅप दुसरीकडून मागवले. शनिवारी दुपारी उघाड होती, पार्किंगमध्ये बसलो. पुढचे दोन्ही जुन्या भोकांवर बरोबर आले. मागे डाव्या बाजूला लायनरची एक क्लिप काढतानाच तुटली, ती वीस रुपयांची आणायला मुलाला सायकलवर पाठवलं. पोरगं पाच मिनिटं म्हणत होतं, मला सव्वादोन तास लागले. कंबर धरली ते वेगळं.

दारांचा खालचा भाग आता बराच स्वच्छ राहतो. पूर्ण नाही. समोरून येणाऱ्या टिप्परने उडवलेल्या चिखलाला माझे फ्लॅप काय करणार. पण उंबरठा कोरडा असतो. काल बाबांना म्हटलं, चला, सोडून देतो. बसले. उतरल्यावर आधी वाकून पोटरी पाहिली, मग दार लावलं. आज सकाळी मी चावी शोधत होतो तर ते आधीच गाडीपाशी उभे.

एकच शंका. ८० च्या वर गेलं की मागून डावीकडून फडफड येते.

निवृत्त लाइनमन

तुटलेल्या क्लिपच्या जागी नवीन टाकली तीच ढिली असेल. अंगठ्याने दाबून पाहा, खट्ट वाजलं पाहिजे. नाही वाजलं तर खालचा स्क्रू अर्धा आटा कस. जास्त नको, प्लास्टिक आहे.