वाईनची फुकट टेस्टिंग मागायला लाज कशाला वाटली पाहिजे?

मागच्या बाकावरचा:
गेल्या शनिवारी नाशिकला गेलो होतो. आम्ही चौघं, तिघं पिणारे आणि एक गाडी चालवणारा. गंगापूर धरणाच्या बाजूला एका लहानशा वायनरीत काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, बाबा बाटली घ्यायचीय पण आधी चव तर बघू दे. त्यानं दोन ग्लास पुढं केले, तळाला जेमतेम दोन-दोन घोट, एक पांढरी शेनिन ब्लां आणि एक लाल शिराझ. शेनिन आवडली, दोन बाटल्या घेतल्या, साडेआठशेला एक. बाहेर आल्यावर मित्र म्हणतो, "काय लाज सोडलीयस रे, फुकट मागतोस?"

आता मला सांगा, आंबेवाला फोड कापून देतो, कापडवाला आख्खं ठाण उलगडून दाखवतो, मग साडेआठशेची बाटली मी डोळे मिटून का घ्यायची?

मला माहितीयत त्या जागा सांगतो, बाकीच्यांनी भर घाला. वायनरीत टेस्टिंगचे पैसे घेतात हल्ली बहुतेक ठिकाणी, पण बाटली घेतली की ते बिलातून वळते करणारेही आहेत, फक्त विचारावं लागतं, आपण होऊन कोणी सांगत नाही. जायचं तर मंगळवार-बुधवारी, रविवारी जत्रा असते. पुण्यात 2009 पासून मायक्रोब्रुअरी आहेत, म्हणजे जागेवरच बिअर बनवणारे बार, तिथं पिंट मागवायच्या आधी चव बघायला मागा, शॉटच्या ग्लासात आणून देतात. आणि परदेशातून येताना बॅगा बेल्टवर यायला वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात ड्यूटी फ्रीच्या काउंटरवर कुठलीतरी सिंगल माल्ट व्हिस्की प्लास्टिकच्या टोपणाएवढ्या कपात मिळते. घरी आणायची मर्यादा दोन लिटर आहे, चव बघायला मर्यादा नाही :)

वायनशॉपमध्ये मात्र मागू नका. त्याचं लायसन्सच सीलबंद बाटली विकायचं असतं, दुकानात बूच काढलं की तो बिचारा अडकतो. आणि वयाचं माहीत आहेच, महाराष्ट्रात बिअर-वाईनला 21 पूर्ण, बाकी कडक मालाला 25.

कडू कारलं:
आंब्याची फोड खाऊन आजवर कुणाचं लिव्हर गेलेलं ऐकलं नाही मी. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलंय की दारूचं सुरक्षित असं प्रमाणच नाही, आणि इथं धागा कसला तर फुकट कुठं मिळते. बाय द वे, फुकट काय मिळालं तुला? दोन घोट प्यायलास आणि सतराशे रुपये मोजून आलास. ते टेस्टिंग त्यांनी तुझं केलं.

मागच्या बाकावरचा:
हाहा, हा टोला मान्य. पण मी वाईन घ्यायलाच गेलो होतो ना, तुळशीची रोपं घ्यायला नाही.

बॅरलखाली बसलेला:
मी दिंडोरीच्या बाजूला एका टेस्टिंग रूममध्ये तीन वर्षं काउंटरला होतो म्हणून आतलं सांगतो. एक ओतणं साधारण 30 मिली, म्हणजे 750 च्या बाटलीत पंचवीस माणसं होतात. उघडलेली बाटली तशीही दोन-तीन दिवसांत उतरते, आंबूस वास यायला लागतो, तेव्हा ती संपवणं आमच्याच फायद्याचं. त्यामुळं जो माणूस नीट विचारतो, ग्लास धरून वास घेतो, ही गोड आहे का, जेवणाबरोबर कशाशी जाईल असं काहीतरी बोलतो, त्याला आम्ही यादीत नसलेलीही एखादी चाखवायचो. लाजायचं काही कारण नाही.

पैसे घ्यायला का लागले ते ऐका. एकदा चौदा जणांचा बॅचलर ग्रुप आला, सगळ्यांचे टीशर्ट सेम, पाचही वाइन्स दोनदा मागितल्या, "भर की जरा, पाणी वाटतोयस का" असं चाललेलं. थुंकायला म्हणून आपण स्टीलची बादली ठेवतो, तिच्यात टरफलं टाकली, शेंगा बरोबर आणलेल्या! एक बाटली घेतली नाही. जाताना विचारतात, फ्रिज मॅग्नेट फुकट आहे का? त्या महिन्यात मालकानं पाटी लावली.

थुंकायची बादली मी तीन वर्षांत मोजून चार-पाच जणांनी वापरलेली पाहिली. बाकी सगळे गिळतात. मराठी माणूस बादलीत टाकेल होय, पैसे दिलेत!

चांद्याची माय:
माफ करा पण हे वाचून राहवलं नाही. मी चंद्रपूरची. आमच्याकडे 2015 ला दारूबंदी झाली, 2021 ला उठली, मधल्या काळात काय काय पाह्यलं ते आम्हालाच माहीत. बंदीच्या काळात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जण चोरून विकत होता, तो पोट्ट्यांना पहिली क्वार्टर फुकट देऊन राह्यला होता. मग दुसरी उधार. मग म्हणे पैसे नाहीत तर ही पिशवी तेवढी त्या टपरीवर नेऊन दे. सतरा-अठरा वर्षांची पोरं होती जी. त्याला कोणी टेस्टिंग नाही म्हटलं.

तुमच्यासारख्यांनी काचेच्या ग्लासात दोन घोट घेतले तर तो शौक, आमच्या गल्लीतल्यानं घेतले तर व्यसन. माल देणाऱ्याची अक्कल दोन्हीकडे सारखीच आहे, पहिलं फुकट.

मागच्या बाकावरचा:
ताई, तुम्ही सांगताय ते भयंकर आहे, पण तो गुन्हेगार होता, बेकायदा विकत होता, त्यात पोरं अल्पवयीन. मी लायसन्स असलेल्या ठिकाणी सज्ञान माणसानं चव घेण्याबद्दल बोलतोय. दोन्ही एकाच तराजूत टाकले तर बोलणंच खुंटतं.

चांद्याची माय:
खुंटू द्या. गावोगावच्या बायांनी मतदान करून बाटली आडवी केली, म्हणजे दारूची जी दुकानं बंद पाडली, ती सगळी लायसन्सवालीच होती.

कडू कारलं:
+1. आणि दारूची जाहिरात टीव्हीवर करता येत नाही म्हणून हे लोक त्याच नावाचा सोडा विकतात, म्युझिक सीडी विकतात, ग्लास विकतात. आयुष्यात कुणी ती सीडी विकत घेतलेली बघितलीय का? टेस्टिंग, लाँच पार्टी, "पहिलं ड्रिंक आमच्यातर्फे" हे सगळं त्याच पोटातलं. जिथं बोलून विकता येत नाही तिथं पाजून विकायचं.

निफाडचा द्राक्षवाला:
आता कोणीतरी येईल आणि म्हणेल वाईन प्या म्हणजे शेतकरी जगेल, म्हणून आधीच बोलून ठेवतो. 2022 ला सुपरमार्केटात वाईन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा हेच ऐकवलं होतं, मग अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि ते प्रकरण तसंच राहिलं. भाऊ, आमच्याकडं बागा आहेत त्या थॉमसनच्या, सोनाकाच्या, खायच्या द्राक्षांच्या. वाईनची द्राक्षं वेगळी, बारीक मणी, जाड साल, बिया भरपूर, आणि ती लावणारे आमच्यात थोडेच, तेही कंपनीशी करार करून. तुम्ही चार काय चाळीस घोट प्या, माझ्या बागेला अवकाळीनं झोडपलं तर त्यातून एक पैसा यायचा नाही. प्यायचीय तर स्वतःच्या नावावर प्या, आमच्या नको.

बॅरलखाली बसलेला:
करारवाल्यांना बरा भाव मिळतो हे पण सांगा की.

निफाडचा द्राक्षवाला:
मिळतो, करार टिकला तर. 2001 ला सरकारनं वाईनचं धोरण आणलं तेव्हा माझ्या चुलत्यानं एकरभर लावली होती. पुढं घेणारी कंपनीच बसली. ट्रॅक्टरभर द्राक्षं घेऊन गेटवर उभा होता माणूस, आणि ती खायला पण कोणी घेईना. उपटली सगळी.

बांद्याचो बाबू:
आमच्याकडे असली भानगड नाही. एप्रिलात पलीकडे गोव्यात काजूच्या भट्टीवर जा, भट्टीवालो विचारीत नाही तू कोण कुठचो, गार हुर्राक ग्लासात ओतून देता, लिंबू, मीठ, मधोमध चिरलेली मिरची. पहिल्या धारेची ती हुर्राक, पंधरा-सोळा ग्रावाची, परत उकळली की फेणी, एकोणीस-वीस ग्राव. हा ग्राव म्हणजे दारू किती कडक ते सांगणारं पोर्तुगीज काळातलं मोजमाप, भट्टीवाले अजून त्यातच बोलतात. फेणीला 2009 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला. चव घेतल्याशिवाय फेणी घेणारो माणूस मी बघूक नाय, कारण दोन भट्ट्यांची चव एकसारखी येतच नाही, एकाची काजूसारखी वास मारता, दुसऱ्याची रॉकेलसारखी. तुम्ही लाज कसली धरून बसलात?

फक्त येताना डिकीत बाटल्या घालून नाक्यावरून महाराष्ट्रात शिरायचं धाडस करू नका. गोव्यापुरत्या विक्रीची बाटली परवान्याशिवाय इकडे आणलात तर फुकट मिळालेलीही महागात पडतली.

कडू कारलं:
घ्या, चांद्यापासून बांद्यापर्यंत सगळे जमले एकदाचे.

बॉस्टनची वहिनी:
आमच्या राज्यात, मॅसॅच्युसेट्समध्ये, 1984 पासून हॅपी अवर बंद आहे. एकावर एक फुकट नाही, बारमध्ये फुकट ड्रिंक नाही, ठराविक वेळेपुरते भाव पाडता येत नाहीत. कारण काय तर लोक पिऊन गाड्या चालवायचे. पण गंमत अशी की लिकर स्टोअरमध्ये शुक्रवारी संध्याकाळी टेबल मांडून वाईन चाखायला देतात, चिमुकल्या कपात, आणि ते कायद्यात बसतं. म्हणजे चव वेगळी आणि स्वस्तात ढोसणं वेगळं हा फरक सरकारलाही कळतो. मला दोन्ही बाजू पटतात, पण फुकट म्हटलं की आमचे हे ज्या लगबगीनं त्या टेबलाकडे निघतात ती लगबग घरातल्या कामाला कधी दिसलेली नाही.

कोथरूडची कार्टी:
लेडीज नाइटबद्दल कोणीच बोललं नाही? बुधवार-गुरुवार मुलींना कॉकटेल्स फुकट. मी कॉलेज संपल्यावर दोन वर्षं जायचे, खूप भारी वाटायचं, मग एकदा दारावरच्या माणसाचं बोलणं कानावर आलं, कोणालातरी फोनवर सांगत होता, "या की, आज पोरी भरपूर आहेत." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की इथलं सॅम्पल मी आहे, आणि गिऱ्हाईक बाहेर रांगेत पैसे भरून उभं आहे. त्या दिवसापासून बंद.

दारू नको ताक दे:
अगं पण मी जाते अजूनही. चार मैत्रिणी, दोन-दोन ड्रिंक फुकट, चकणा पैसे देऊन, साडेदहाला कॅब करून घरी. कोण माझ्याकडे बघून दार उघडतंय त्याच्याशी मला काय करायचंय, माझे हजार रुपये वाचले. फक्त ग्लास आपल्या डोळ्यांसमोर भरलेला असला पाहिजे आणि टेबलावर सोडून जायचा नाही, एवढं पाळायचं. त्या फुकटच्या ड्रिंकमध्ये बर्फ आणि सरबतच जास्त असतं, तो वेगळा मुद्दा.

कोथरूडची कार्टी:
ग्लासावर पहारा द्यावा लागतो, आणि तरी ते फुकट? बरं.

ओटीपी गेलेला:
एक महत्त्वाचं राहिलं. व्हॉट्सअपवर, फेसबुकवर फिरणाऱ्या फुकट दारूच्या लिंक उघडू नका. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये हायनेकनच्या नावानं मेसेज फिरत होता, घरबसल्या बिअरचे केग, म्हणजे पिंपं, फुकट, फॉर्म भरा आणि पुढं पाठवा. कंपनीनंच सांगितलं की ते खोटं आहे. त्याच सुमारास माझ्या मेव्हण्याला एका नावाजलेल्या वायनशॉपचं बनावट पेज सापडलं, एका खंब्यावर एक फ्री, घरपोच. समोरचा गोड बोलला, क्यूआर पाठवला, म्हणे स्कॅन करा म्हणजे डिस्काउंट "जमा" होईल. अकरा हजार गेले. पोलिसात जायला तयार नाही, कारण तक्रारीत लिहायचं काय, बायको वाचेल. पैसे यायचे असतील तर पिन टाकावा लागत नाही एवढं तरी लक्षात ठेवा.

कडू कारलं:
ही एकच पोस्ट वरती चिकटवून ठेवा, बाकी धागा उडवला तरी चालेल.

उगाचच:
फुकट पाहिजे तर कशाला वायनरी न् फियनरी, निवडणूक येऊ द्या. मतदान संपेपर्यंतचे 48 तास ड्राय डे आणि त्याच 48 तासांत जेवढी मिळते तेवढी वर्षभरात मिळत नाही.

चांद्याची माय:
हसण्यावारी नेऊ नका. पाच वर्षं फेडावं लागते ते.

किल्ली माझ्याकडे:
नमस्कार, मी तो गाडी चालवणारा. धागा आत्ता दिसला. "काय लाज सोडलीयस" हे मीच म्हणालो होतो, पण का म्हणालो ते साहेबांनी सांगितलेलं नाही. ती त्या दिवसातली चौथी वायनरी होती. दोन घोट, दोन घोट करत प्रत्येक ठिकाणी चार-पाच वाइन्स, 30 मिलीच्या हिशोबानं तुम्हीच गुणाकार करा, ती अर्ध्या लिटरच्या आसपास जाते. काउंटरवरचा मुलगा काही न बोलता ग्लास पुढं करतो कारण हे महाशय काउंटरला टेकून "भावा, तुझे डोळे फार प्रामाणिक आहेत" असं म्हणत होते. मी सगळीकडे बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर. एके ठिकाणी द्राक्षाचा रस मिळाला, दीडशे रुपयांना, तो फुकट नव्हता. परतताना कसारा घाटात दोनदा गाडी थांबवली, कारण विचारू नका.

रक्तात 100 मिलीला 30 मिलिग्रॅमच्या वर सापडलं की पहिल्याच वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत आत, नाहीतर दोन्ही. म्हणजे ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याला तुमचं ते टेस्टिंग लागूच नाही, आणि दर वेळी तो मीच का असतो?

बॅरलखाली बसलेला:
गाडीवाल्याला रसाचा एक ग्लास तरी आम्ही कधी बिलात धरला नाही हो. कुठली वायनरी ही?

मागच्या बाकावरचा:
घाटातलं सांगायची गरज नव्हती.

किल्ली माझ्याकडे:
पुढच्या वेळी किल्ली तुझ्याकडे. आणि तुझ्या बाटल्या माझ्याच डिकीत राहिल्यात, न्यायला ये.

मागच्या बाकावरचा:
दोन्ही आहेत ना?

किल्ली माझ्याकडे:
एक आहे.