प्रतिसाद: तक्त्याच्या पुढचं

लहान मुलांना रस्ता नीट ओलांडायला कसं शिकवायचं, या चर्चेत वर काहींनी सिग्नलचे रंग आणि झेब्रा क्रॉसिंगचा तक्ता पुरेसा आहे असं म्हटलंय. पहिलीतली मुलं तो तक्ता घडाघडा म्हणतात आणि रस्त्याच्या कडेला आली की मान दोन्हीकडे फिरवून, काहीही न पाहता, चालू लागतात. म्हणून मुलाला मोठ्याने बोलायला लावा: "लाल गाडी, लांब आहे, पण येतेय. थांबतो." बोलताना त्याला खरंच बघावं लागतं.

सराव करताना एका मोठ्या माणसाबरोबर दोन-तीनच मुलं असावीत. लांब रांगेत फक्त पहिलं मूल बघतं, बाकीची त्याच्या पाठीकडे बघत चालतात.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे उभ्या गाड्यांची मधली फट. गाडीत ड्रायव्हर बसलेला नाही ना किंवा इंजिन चालू नाही ना, हे आधी बघायचं. मग गाडीच्या बाहेरच्या कडेपर्यंत जाऊन पुन्हा थांबायचं, कारण उंची कमी असल्याने तिथवर मूल कोणालाच दिसत नाही. वेगाचा अंदाज नऊ-दहा वर्षांपर्यंत कच्चाच असतो. ताशी 50 किमी वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे 14 मीटर जाते. मैदानात तेवढं अंतर चुन्याने आखून दाखवा.

मदत करणाऱ्यांबद्दल शिकवताना नुसती गणवेशाची चित्रं नकोत. वाहतूक पोलिसाचा हात गाड्यांसाठी आहे की आपल्यासाठी, हे ओळखता यायला हवं. बसखाली वस्तू पडली तर वाकायचं नाही, ड्रायव्हरकाकांना सांगायचं. अपघात दिसला तर रस्त्यात न धावता जवळच्या मोठ्या माणसाला बोलवायचं. मदतीसाठी फोन करायची वेळ आली तर आधी ठिकाण सांगायचं, मग काय झालं आणि किती जण जखमी, आणि समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही.