शब्दचर्चा : डब्यातल्या वस्तूंना काय म्हणायचं? (आणि जाता जाता 'आराम', 'भरवसा', 'उमेद')

शहापूरची
नमस्कार मंडळी, एक शब्द पायजे. आमच्यात बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आहे, आज्जीपासूनचा. त्यात भोकाचा पैसा, आज्जीच्या चष्म्याची एकच काडी, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला ज्याच्यावर 'मुंबई इलाखा' छापलंय, इरकल साडीच्या काठाचा वीतभर तुकडा, असलं सगळं. सध्या माझी केमो चालू आहे, सहातल्या तीन झाल्या, दर २१ दिवसांनी एक. सुई लागल्यावर दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी खाली जातात आणि तिसऱ्यात परत वर येतात, तोपर्यंत गर्दीत जाऊ नका म्हणतात, मग मी घरात डबा उघडून बसतो. (आमच्या बेळगावकडं बायका पण 'बसतो, येतो'च म्हणतात, पुणेकरांनी चूक काढू नये.) परवा त्यात मी पहिल्या केमोचा हाताचा पट्टा टाकला, नाव आणि नंबर असलेला. लेक म्हणाली, आई शी, ते कशाला ठेवालीस? मला सांगता येईना. म्हणून विचारतो, असल्या वस्तूला आपल्यात शब्द काय? 'स्मृतिचिन्ह' सांगू नका, ते शाल-श्रीफळाबरोबर मिळतं आणि टीव्हीवर धूळ खातं.

खानापूरकर
ताई आधी तब्येत सांभाळा. शब्द सोपा आहे, 'आठवण'. आपण म्हणतोच की, 'ही आईची आठवण आहे'. डोक्यातली पण आठवण आणि हातातली पण आठवणच.

शहापूरची
होय, तेच तर अडतंय. चष्म्याची काडी ही आज्जीची आठवण, बरोबर. पण पट्टा कुणाची आठवण? मी तर अजून हितंच आहे की ओ.

निपाणीचा
'खूण' म्हणा. खूण मेलेल्या माणसाचीच लागते असं नाही. आमच्या तंबाखूच्या शेतात बांधावर खुणेचा दगड असतोय, तो आठवण काढायला नाही, इथपर्यंत आपलं हे कळायला. कन्नडात 'गुरुतु' म्हणतात ते हेच, खूण पण तेच आणि ओळख पण तेच.

शहापूरची
गुरुतु वरनं आठवलं, लिहूनच टाकतो. केस गेल्यावर स्कार्फ बांधून दारात उभी होतो, भाजीवाली अक्का आली, बारा-पंधरा वर्षं तीच येते, माझ्याकडंच बघून विचारते 'अक्का घरात नाहीत काय?' मी हसलो तेव्हा तिला कळलं आणि मग म्हणते 'गुरुत हत्तलिल्ल री', ओळख लागली नाही म्हणून. आणि एवढी रडली की मलाच तिला पाणी द्यायला लागलं. मेथीची जुडी जास्तीची टाकून गेली. तर खूण चांगला शब्द आहे पण मला सध्या सोसत नाही, राहू दे.

चंदगडकर
'ऐवज' का नको? पेपरात 'दोन लाखांचा ऐवज लंपास' वाचून आपल्याला वाटतंय ऐवज म्हणजे दागिनेच. मूळ अरबी 'इवज', म्हणजे बदली, मोबदला. आपलं 'ऐवजी' त्याच्यातनंच आलंय. म्हणजे माणसाऐवजी जे राहतं तो ऐवज. आमच्यात एक पितळी तांब्या आहे आज्जीच्या माहेरचा, माहेर बेळगावजवळ, सासर चंदगड. १९५६ पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं, राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, आम्ही कोल्हापूर जिल्ह्यात. आज्जी म्हणायची मी कुठं हलले नाही, माहेरच उठून परराज्यात गेलं. तर तो तांब्या माहेराऐवजी.

शहापूरची
हे पटलं बघा. पट्टा म्हणजे त्या दिवसाऐवजी. दिवस परत नको, पट्टा असू दे.

पुण्यातून
ताई, सकारात्मक राहा, सगळं छान होईल!

शहापूरची
दादा राग मानू नका, पण 'सकारात्मक' हा शब्द वॉर्डाच्या भिंतीवर सूर्यफुलाच्या फोटोखाली लिहिलाय आणि त्याच्या बरोबर खाली उलटीची बादली असते. आमची नर्स जास्त बरं बोलते, कन्नडच बोलते, 'भरवसे इडरी अक्का'. कन्नडात भरवसे म्हणजे आशा पण, आणि मला आपलं 'भरवशाच्या म्हशीला टोणगा' आठवून सलाईन लावलेल्या हातानं हसू आवरेना. तिला समजावून सांगितलं तर ती पण हसली. आणि 'आराम' बघा, हेंग अदीरी (कशा आहात) म्हटलं की 'आराम', म्हणजे बरी आहे, आणि 'आराम नाही' म्हणजे आजारी. हे पुण्याच्या एका डॉक्टरला फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, मग आराम करा की.

निपाणीचा
😂 बंगळूरकडं 'हुषार इल्ल' म्हणतात बरं नसलं की. आपल्याला वाटावं माणूस ढ आहे. पण आपल्यात पण 'चहा घेतल्यावर हुशारी आली' म्हणतोच.

खानापूरकर
मग ताई, 'उमेद' चालेल का? फारशीतला, अर्थ आशाच. पण मराठीत आल्यावर जरा कामाला लागला तो शब्द. आशा लावून बसता येतं, उमेदीला बसून चालत नाही. 'उमेदवारी करणे' म्हणजे पूर्वी हाताखाली राबून काम शिकणे, निवडणूक नंतर आली.

शहापूरची
उमेद चालेल. पण रोज नसते ओ. तिसऱ्या केमोनंतर चार दिवस तोंडात नाणं ठेवल्यागत चव होती, तेव्हा उमेद वगैरे काही नाही, नुसतं ताक-भात गिळणं. पाचव्या दिवशी कुंद्याचा (आमची दुधाची मिठाई) वास बरा वाटला एवढंच.

चंदगडकर
बरं ते डब्याचं राहिलंच. तुमच्या आज्जी स्वतः काय म्हणायच्या त्याला?

शहापूरची
अय्यो, हे मला सुचलंच नाही! 'किडूकमिडूक'. 'माझं किडूकमिडूक कोण हलवलं?' म्हणून ओरडायची. सोनं म्हणायला त्यात एक मोडकं कानातलं होतं, ते पण नंतर काकांच्या फीसाठी गेलं, पण शब्द तोच राहिला. लेकीला सांगितलं आत्ता. ती म्हणते मग ठीक आहे, किडूकमिडूक म्हटल्यावर पट्टा चालतोय. सोमवारी रक्त तपासायचंय, पेशी वर आल्या तर चौथी. दुसरा पट्टा मिळाला तर ठेवायचा का टाकायचा ते तीच ठरवणार म्हणाली.